मार्था पगारेची परतीची बोट

एप्रिल १९३३ मध्ये मार्था पगारे सात वर्षांनी नाशिक रोडच्या फलाटावर उतरली, तेव्हा तिच्या बापाने तिला ओळखलं नाही. सावळीराम डब्याडब्यात डोकावत होता आणि लेक त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. मलेरियाने पिवळी पडलेली, गालफडं बसलेली. ती "बाबा" म्हणाली तेव्हा तो वळला, आणि तिची वळकटी खांद्यावर टाकून चालू लागला. टांग्यात बसल्यावर मग त्याला रडू आलं.

मार्था मिशनची नर्स होती. तिचा जन्म नाशिकच्या शरणपुरातला. सावळीराम मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्या वस्तीत साठेक वर्षांपूर्वी गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकेची माणसं राहून गेली होती, आणि त्यांतली काही शिकूनसवरून मोंबासाला परत गेली होती. त्यामुळे शरणपुरातल्या पोरांना मोंबासा हे नाव मनमाडइतकंच ओळखीचं होतं. तरी आपल्यातली एखादी बाई तिकडे सेवेला जाईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मार्था सव्विसाव्या वर्षी गेली. मोंबासाहून रात्रभर आगगाडी आणि पुढे दिवसभर पायी चढण, तेव्हा म्वेरी नावाचं डोंगरावरचं गाव लागे. तिथे मिशनचा आठ खाटांचा दवाखाना होता. एक इंग्रज मिस तो चालवी आणि मार्था तिच्या हाताखाली. सात वर्षं सेवा, एक वर्ष घरी रजा, मग पुन्हा सात वर्षं, असा मिशनचा नियम होता.

पहिल्या रविवारी मिशनच्या देवळात तिला पुढे बोलावून हार घातला. लोकांनी सिंहांबद्दल विचारलं. तिकडची माणसं काय खातात, भाकरी मिळते का, देवाची गाणी कुठल्या भाषेत म्हणतात, तेही विचारलं. मार्थाने सगळ्याची उत्तरं दिली. स्वाहिली भाषेतलं एक गाणंही म्हणून दाखवलं. सगळे खूश झाले.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नाही. ती परत जाणार नव्हती.

नाशिकला यायच्या दोन महिने आधी म्वेरीला वाकेशो नावाची बाई बाळंत झाली होती. मूल ठणठणीत, पण मुलामागून पडायची वार पडेना. रक्त जाऊ लागलं. मिस खालच्या गावाला गेली होती. वार अडकली तर हात घालून ती कशी काढायची हे मार्थाने पाहिलं होतं, मिसच्या शेजारी उभी राहून एकदा केलंही होतं. पण मिसची ताकीद होती, की मी नसताना हे करायचं नाही, मला बोलवायचं आणि थांबायचं. मार्थाने माणूस धाडला आणि ती थांबली. चार तास थांबली. मिस धापा टाकत वर आली तेव्हा वाकेशो गेलेली होती. मिसने मार्थाला दोष दिला नाही. उलट पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू सांगितल्याप्रमाणे वागलीस." ते वाक्य मार्थाच्या काळजात रुतून बसलं होतं.

घरी आल्यावर आत्या आक्काबाईने तिचा ताबा घेतला. दूध, तूप, बाजरीची भाकरी, हिरड्याचा काढा. पावसाळा संपेपर्यंत मार्थाच्या अंगावर मांस चढलं. मग आक्काबाईने दुसरा विषय काढला.

"नगरचे मास्तर हायेत. बायको वारली. दोन मुली, पण गुणी हायेत म्हणे. तेहतीस म्हंजे काय म्हातारी नाय झालीस तू."

"आत्या, मला लग्न नाही करायचं."

"मग? परत तिकडं मरायला जायचंय?"

मार्थाने घागर उचलली आणि ती पाण्याला निघाली. हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं.

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टर आढावांना माणसांची कायम चणचण असायची. त्यांनी तिला काम मागितलं तेव्हा ती म्हणाली, "बाळंतपणं सोडून काहीही सांगा."

आढावांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. सात वर्षं बाळंतपणं केलेली नर्स असं का म्हणते, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी तिला दिंडोरीला धाडायला सुरुवात केली. बाजाराच्या दिवशी सर्व्हिस मोटारीने जायचं, मिशनच्या खोलीत औषधांची पेटी उघडायची, डोळ्यांत थेंब घालायचे, खरजेला मलम द्यायचं, गळवं फोडायची, आणि संध्याकाळच्या मोटारीने परत. मार्थाला ते बरं वाटलं. त्यात कुणी मरत नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका बाजाराच्या दिवशी, दहाच्या सुमाराला, खाजा कल्हईवाला धावतच खोलीत शिरला. हात कोपरापर्यंत काळे, अंगावर कामाचा सदरा.

"बाई, चला. माझी घरवाली. पोरगा झाला, पण खून बंद होईना."

"मी बाळंतपणं करत नाही," मार्थाच्या तोंडून निघून गेलं.

खाजाला ते कळलंच नाही. तो दारातच उभा राहिला, तिची पेटी उचलायला हात पुढे करून.

मार्थाने पेटी स्वतःच उचलली.

घर बाजारामागच्या गल्लीत होतं. पुढे भट्टी आणि भांडी, मागे एकच खोली. खाटेवर अनवरी पडली होती, वीस-बावीस वर्षांची, ओठ पांढरे. तिच्या सासूने, बेगमने, बाळाला पदरात घेतलं होतं. गावची दाई गुलजारबी भिंतीशी बसून होती. तिने आयुष्यात शेकडो बाळंतपणं केली होती आणि तिला समोर काय आहे ते नीट कळत होतं.

"वार अडकली," गुलजारबी हळूच म्हणाली. "पोट चोळलं, ओकारी यावी म्हणून केस तोंडात दिले, सगळं केलं. मी हात नाही घालत बाई. एकदा घातला होता. ती वाचली नाही."

मार्थाने नाडी धरली. बारीक, धावती. खाटेखालचं पोतं भिजून गेलं होतं. रक्त थांबवायचं अर्गटचं औषध तिने लगेच पाजलं आणि पोटावर हात ठेवून बघितलं. वार तिथेच होती.

"डॉक्टरांना बोलवा. नाशिकला."

"जमील सायकल घेऊन निघतोय," खाजा बाहेरून म्हणाला. जमील त्याचा धाकटा भाऊ.

नाशिक पंधरा मैल. सायकलने दीड-दोन तास, डॉक्टर जागेवर सापडले तर त्यांची मोटार निघून इथे यायला आणखी तास. लवकरात लवकर तीन तास. मार्थाने पुन्हा अनवरीच्या नाडीवर बोट ठेवलं. तीन तास या बाईजवळ नव्हते. एक तासही नव्हता.

तिला वाटलं होतं की अशी वेळ पुन्हा आली तर आपले हात थरथरतील. तसं काही झालं नाही. ती उभी राहिली आणि तिने बाह्या दुमडल्या.

"पाणी उकळलेलं आहे?"

"हाय."

"आणखी ठेवा. खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा घाला, पाय वर आले पाहिजेत. गुलजारबी, तुम्ही उठा. मला तुम्ही लागणार."

म्हातारी उठली.

मार्थाने नखं कापली. कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात घासले, एकदा, दोनदा, तीनदा. मग लायझॉलच्या पाण्यात धरून ठेवले. बेगम तिच्या हातांकडे बघत रडत होती. "बचाव बाई इसको. तुमच्या पाया पडते."

"पाया नका पडू. तिच्या डोक्याशी बसा आणि तिचे हात घट्ट धरा. खूप दुखणार आहे. सोडू नका." मग ती अनवरीवर वाकली. "अनवरी, ऐकतेस का? मी आत हात घालणार आहे. तुला ओरडायचं तेवढं ओरड. पण माझ्याशी बोलत राहा. पोराचं नाव काय ठेवणार?"

अनवरीचे ओठ हलले. आवाज आला नाही.

डावा हात पोटावरून गच्च दाबून धरून मार्थाने उजवा आत घातला. नाळेच्या धाग्याने आत आत गेली. अनवरी अशी किंचाळली की बाहेर खाजाने दारावर डोकं आपटलं. मार्थाने डोळे मिटून घेतले. आता बघायचं ते बोटांनीच. वारेची कड सापडली. तव्यावरून भाकरी सोडवावी तशी बोटांच्या कडेने ती सावकाश, तुकडा न पाडता, सोडवत गेली. एके ठिकाणी ती घट्ट चिकटली होती. तिथे क्षणभर थांबून तिने श्वास घेतला, आणि पुन्हा बोटं चालवली. ती सुटली. सगळी हातात आल्यावर तिने हात बाहेर ओढला.

"परात."

गुलजारबीने परात पुढे केली. मार्था पोट जोरजोराने चोळत राहिली आणि म्हातारीला म्हणाली, "पसरून बघा. कुठे फाटली आहे का?"

गुलजारबीने वार पालथी केली, उलटी केली, बोटांनी चाचपली. "पुरी आहे," ती म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी, "पुरी आहे!"

हाताखाली पोट आवळत गेलं, लिंबासारखं टणक झालं. रक्त मंदावलं. मार्थाने अर्गटचा आणखी एक डोस दिला आणि साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजायला लावलं. अर्ध्या तासाने अनवरीने डोळे उघडले आणि मघाच्या नावाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"इनायत."

दीडच्या सुमाराला डॉक्टर आढाव मोटारीतून उतरले तेव्हा मार्था भट्टीजवळ बसून चहा पीत होती. ते आत गेले, बराच वेळ तपासून बाहेर आले आणि म्हणाले, "सिस्टर, मी इथे कशाला आलो?"

"ताप येईल," मार्था म्हणाली. "दहा दिवस मी इथेच राहते."

ताप आलाच. तिसऱ्या दिवशी एकशे एक, चौथ्या दिवशी एकशे तीन. मार्था बेगमच्या शेजारी चटईवर निजली, अनवरीचं अंग पुसलं, पेज पाजली, दर चार तासांनी पारा पाहिला. गुलजारबी रोज यायची आणि मार्था हात कसे धुते, चादरी कशा उकळते ते बघत बसायची. सातव्या दिवशी सकाळी ताप अठ्ठ्याण्णववर उतरला आणि पुन्हा चढला नाही. दहाव्या दिवशी अनवरी भिंतीला टेकून बसून इनायतला पाजत होती. गल्लीतल्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. खाजाने मार्थाचा औषधाचा डबा आणि पातेलं कल्हई करून आरशासारखं लख्ख केलं होतं आणि तो काही केल्या पैसे घेईना.

घरी परतल्यावर मार्थाने बापाला वाकेशोची गोष्ट सांगितली. ओसरीवर, दुपारी, आक्काबाई आत निजलेली असताना. सावळीराम खाटेचा पाय रंधत होता. तिचं संपेपर्यंत त्याने रंधा खाली ठेवला नाही.

"म्हणून तू परत जाणार नव्हतीस?"

"हो. तुम्हाला कळलं होतं?"

"काहीतरी हाय एवढं कळलं होतं." त्याने भुसा फुंकला. "आन आता?"

"आता माहीत नाही बाबा. तुमचं वय झालं."

"माझं राहू दे. आक्का हाय, शाळा हाय." तो लेकीकडे वळला. "मला एवढंच सांग. तिकडं आज एखादी बाई तशीच अडली, तर तिच्यापाशी कोण हाय?"

मार्था उठून आत गेली आणि मिशनच्या समितीला पत्र लिहायला बसली. मला परत जायचं आहे. बाळंतपणांच्या कामात प्रसंगी काय करायचं ते ठरवायचा अधिकार तिथे हजर असलेल्या नर्सकडे असावा, ही माझी अट आहे.

पत्राला उत्तर आलं ते वेगळंच. म्वेरीची मिस आजारी पडून इंग्लंडला परतली होती. तिच्या जागी कुणी मिळत नव्हतं. दवाखान्याला कुलूप होतं. मार्थाच्या सेवेबद्दल समिती ऋणी आहे आणि तिला नाशिकलाच चांगली जागा देऊ इच्छिते, असं त्यात होतं.

आक्काबाईला देव पावला. मार्थाने पत्र दोनदा वाचलं, पांढरं लुगडं नेसली आणि समितीची बैठक कधी आहे ते विचारायला गेली.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बैठक भरली. टेबलाभोवती पाच जण होते, त्यांत डॉक्टर आढावही. अध्यक्ष रेव्हरंड हार्टली सभ्य माणूस होते आणि त्यांचं मराठी शुद्ध होतं.

"मार्थाबाई, तुमच्या धैर्याची आम्हाला कल्पना आहे. पण एकट्या बाईवर दवाखाना सोपवण्याची रीत नाही. शिवाय..." ते थांबले.

"शिवाय हिंदी बाईवर," मार्था म्हणाली. "बोला ना साहेब. मला राग नाही."

हार्टलींचा चेहरा लाल झाला. "नवी मिस मिळेपर्यंत थांबावं, इतकंच आमचं म्हणणं आहे."

"साहेब, मी एकदा थांबले आहे." आणि उभी राहून, आवाज न चढवता, तिने वाकेशोची गोष्ट पाच जणांना सांगितली. स्वतःची चूक लपवली नाही, मिसलाही दोष दिला नाही. "हुकूम चांगल्या मनाने दिला होता. मी तो चांगल्या मनाने पाळला. बाई मेली. आता कुलपामागे कुणाला थांबायला सांगता?"

मग डॉक्टर आढाव बोलले. "मी पंचवीस वर्षं डॉक्टरी करतोय. दिंडोरीत त्या दिवशी मी असतो तर याहून चांगलं केलं नसतं. आणि मी नव्हतोच. प्रकृती विचाराल, तर परवाच तपासली आहे. मलेरियाने सुजलेली प्लीहा उतरली, वजन भरलं. मी सही करतो."

टेबलाच्या टोकाला भागीबाई बसल्या होत्या. समितीतल्या त्या एकट्याच बाई. चाळीस वर्षं त्या नाशिकच्या गल्ल्यांतून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवत आल्या होत्या आणि बैठकीत सहसा तोंड उघडत नसत.

"मला एक इचारायचंय साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही मिस शोधाल. मिळंल वर्सा-दोन वर्सांनी. तवर तिकडल्या बाया बाळंत व्हायच्या थांबणार हायेत का?"

आढावांना हसू आवरेना. मग दुसरे दोघे हसले, आणि शेवटी हार्टलीसुद्धा. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा." सगळ्यात आधी त्यांनी स्वतःचाच केला. पाचही हात वर होते. ठरावात म्वेरीच्या दवाखान्याची प्रमुख म्हणून मार्था सावळीराम पगारे हे नाव लिहिलं गेलं, आणि तिची अट तिच्याच शब्दांत खाली उतरवून घेतली.

मार्चमध्ये ती निघाली. नाशिक रोडला अर्धं शरणपूर लोटलं होतं. दिंडोरीहून कल्हईवाल्याचं कुटुंब आलं होतं, गुलजारबीसकट. म्हातारीने मार्थाला बाजूला घेऊन आपले दोन्ही हात दाखवले. नखं मुळापर्यंत कापलेली होती. "पंधरा दिवसांपूर्वी पेठच्या रस्त्याला एक अडली होती," ती म्हणाली. "तुम्ही केलं तसंच केलं. आई-पोर दोघं चांगली आहेत." मार्थाने ते हात धरले आणि गाडीने शिटी देईपर्यंत सोडले नाहीत. आक्काबाई रुसून घरी बसणार होती, पण ती आली, चिवड्याची पिशवी खिडकीतून आत ढकलली आणि ओरडली, "वेळेवर जेवत जा!" लोक उपासनेतलं गाणं म्हणू लागले. गाडी हलली तेव्हा मार्था रडत नव्हती. दारात उभी राहून, मोठ्याने, तीही गात होती.

ऑगस्टमध्ये तिचं पत्र आलं. सावळीराम वाचायला उशिरा शिकलेला माणूस, अक्षरावर बोट ठेवून वाचायचा. तरी रविवारी देवळात ते पत्र दुसऱ्या कुणाला वाचू द्यायला तो तयार झाला नाही. तो वेदीपुढे उभा राहिला आणि त्याने घसा साफ केला.

मार्थाने लिहिलं होतं, की ती पोचली तेव्हा कुलूप गंजलं होतं, ते तोडावं लागलं. पहिल्या तीन महिन्यांत अठ्ठेचाळीस बाळंतपणं झाली. गावातल्या दोन बायकांना ती हाताशी धरून शिकवते आहे. त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, की मी नसेन तेव्हा माझी वाट बघायची नाही. जूनमध्ये तिला स्वतःला थंडीताप आला, ती शुद्धीवर नव्हती, आणि त्याच दिवशी एका बाईची वार अडकली. त्या दोघींतल्या सालोमे नावाच्या बाईने हात धुतले आणि वार काढली. मार्थाला दोन दिवसांनी कळलं. तोवर बाळंतीण चालत घरी गेली होती.

वाचता वाचता सावळीरामाचं बोट त्या ओळीवर थांबलं. ती त्याने पुन्हा वाचली, या वेळी बोट न लावता. देवळात टाळ्या वाजवायची रीत नव्हती. तरी पुढच्या बाकावर भागीबाईंनी टाळी वाजवली, मग आढावांनी, मग सगळ्यांनीच. सावळीराम कागद छातीशी धरून तसाच ताठ उभा राहिला, आणि त्याला खाली बसायला सांगायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.